एका पडक्या किल्ल्याचा पेच : फाशोदा, १८९८

पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली की शाळेपासून पाठ असलेली यादी बाहेर येते: साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, टोकाचा राष्ट्रवाद. उत्तरपत्रिकेत ती चालते. पण वसाहतींच्या हव्यासातून युद्ध पेटतं म्हणजे नक्की कोणत्या दिवशी, कोणाच्या टेबलावर, कोणत्या तारेमुळे पेटतं, हे त्या यादीतून कळत नाही. म्हणून इथे एक न झालेलं युद्ध घेतलं आहे. १८९८ च्या शरद ऋतूत ब्रिटन आणि फ्रान्स सुदानमधल्या एका दलदलीतल्या ठाण्यावरून युद्धाच्या उंबरठ्यावर आले. यादीतली बहुतेक कारणं तेव्हाही हजर होती, तरी बंदुकीची एकही गोळी एकमेकांवर झाडली गेली नाही.

पार्श्वभूमी

भांडणाचं मूळ इजिप्तमध्ये होतं. सुएझ कालवा १८६९ साली फ्रेंच पुढाकाराने खुला झाला. कर्जात बुडालेल्या खेदिवाचे, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याचे, शेअर्स १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतले. १८८२ मध्ये अहमद उराबीच्या नेतृत्वाखाली इजिप्तमध्ये उठाव झाला, तेव्हा दोघांनी मिळून सैन्य पाठवायचं घाटत होतं. पण फ्रेंच संसदेने पैसे नाकारले आणि ब्रिटन एकटंच उतरलं. त्या फौजेत भारतातून नेलेल्या पलटणीही होत्या. व्यवस्था लागली की निघतो, असं ब्रिटन सांगत राहिलं आणि मुक्काम हलला नाही. फ्रान्सच्या मनात ही सल कायमची राहिली. त्यातही बोचणारी गोष्ट ही, की संधी त्यांनी स्वतःच सोडली होती.

दक्षिणेला सुदान इजिप्तच्या ताब्यात होता. तिथे महदी म्हणवणाऱ्या धर्मनेत्याचं बंड झालं, जानेवारी १८८५ मध्ये राजधानी खार्टूम पडलं, ब्रिटिश जनरल गॉर्डन मारला गेला आणि इजिप्तचं राज्य तिथून उठलं. आता वरच्या नाईलचं खोरं कोणाचं? लंडन म्हणे, ते इजिप्तचंच आहे, मालक तात्पुरता बाहेर पडला आहे इतकंच. पॅरिस म्हणे, मालकाने घर सोडलं, आता जो राहायला येईल त्याचं. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेने प्रत्यक्ष ताब्याचा दंडक घातला होता, तोही मुख्यतः किनारपट्टीपुरता. पॅरिसने तो थेट आफ्रिकेच्या पोटात नेऊन लावला. दोन्ही बाजूंचे कायदेपंडित आपापल्या सोयीचा कायदा वाचत होते. त्या खोऱ्यात महदीच्या वारसाचं, खलिफा अब्दुल्लाहीचं, चालतंबोलतं राज्य होतं आणि नदीकाठी शिलुक लोकांचा स्वतःचा राजा होता. त्यांना दोन्ही युक्तिवादांत जागा नव्हती.

ठिणगी पडली एका इंजिनिअरच्या व्याख्यानातून. १८९३ च्या जानेवारीत व्हिक्टर प्रोंप या फ्रेंच जलतज्ज्ञाने कैरोत सांगितलं, की वरच्या नाईलवर पाणी अडवणाऱ्याच्या हाती इजिप्तचा गळा येईल. हा प्रोंप फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांचा विद्यार्थिदशेतला सोबती. त्याच वर्षी कार्नोंनी वसाहत खात्याच्या माणसांना बोलावून इजिप्तचा प्रश्न पुन्हा उघडायची इच्छा बोलून दाखवली. त्या बैठकीला तेओफिल देलकासे नावाचे तरुण उपमंत्री हजर होते. हे नाव लक्षात ठेवायचं. सपाट दलदलीत, रेल्वेपासून महिनोन्‌महिने दूर, धरण बांधणार कसं आणि कशाने, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. नकाशावर बोट ठेवणाऱ्याला दगड वाहावे लागत नाहीत.

ब्रिटनला कुणकुण लागली. २८ मार्च १८९५ रोजी परराष्ट्र उपमंत्री एडवर्ड ग्रे यांनी संसदेत जाहीर केलं, की नाईलच्या खोऱ्यात फ्रेंच मोहीम निघाली तर ते अमैत्रीचं कृत्य समजलं जाईल. राजनैतिक भाषेत याच्या पुढची पायरी तोफेची.

मोहीम सुटते, आणि मग ती थांबवणारा कोणी उरत नाही

मला या प्रकरणातला पहिला खरा निर्णयबिंदू इथे दिसतो, आणि तो निर्णय कोणी धडपणे घेतलाच नाही. फ्रान्समध्ये मंत्रिमंडळं भराभर पडत होती. वसाहत खातं एक बोले, परराष्ट्र खातं दुसरं. ग्रे यांच्या इशाऱ्यानंतर आठ महिन्यांनी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, परराष्ट्र खातं काही काळ मार्सेलां बेर्तलो यांच्याकडे होतं. हे गृहस्थ मुळात नामवंत रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या कारकिर्दीत कॅप्टन झां-बाप्तिस्त मार्शां यांच्या मोहिमेला मंजुरी मिळाली. आधीचे मंत्री गाब्रिएल आनोतो पुढच्या वर्षी परत आले तेव्हा फाईल पुढे सरकलेली होती. मोहीम रद्द केली तर वसाहतवादी गट आरडाओरड करणार, चालू ठेवली तर परिणाम दोन वर्षांनी दिसणार. दोन वर्षांनी आपण खुर्चीत असू याची खात्री कोणालाच नव्हती.

मार्शां जून १८९६ मध्ये फ्रान्सहून निघाले. सोबत मोजके फ्रेंच अधिकारी आणि सुमारे दीडशे सेनेगाली शिपाई. काँगोच्या किनाऱ्यावरून आत शिरायचं, काँगो आणि उबांगी नद्यांनी वर जायचं, पाणलोटाची धार ओलांडून नाईलच्या खोऱ्यात उतरायचं. ‘फेदेर्ब’ नावाची छोटी आगबोट सुटी करून त्यांनी जमिनीवरून वाहून नेली. तिचा बॉयलर ओंडक्यांवरून ढकलत जंगल पार केलं. फ्रेंच लेखनात याचं कौतुक फार. ओझी वाहणारे हजारो आफ्रिकी हमाल कसे जमवले गेले आणि लोआंगोच्या वाटेवर लोक बिथरले तेव्हा त्यांना कसं चेपलं, हे त्या कौतुकात कमी येतं. दोन वर्षांनी, १० जुलै १८९८ रोजी, ते फाशोदाला पोचले. व्हाइट नाईलच्या पश्चिम काठावर इजिप्शियनांनी सोडलेला मातीचा पडका किल्ला होता, त्यावर त्यांनी तिरंगी निशाण चढवलं. अबिसिनियाकडून, म्हणजे इथिओपियातून, येऊन मिळणारी दुसरी फ्रेंच तुकडी मात्र दिसलीच नाही. तिच्यातले काही लोक जूनमध्ये जवळच सोबात नदीच्या मुखापर्यंत येऊन, वाट पाहून, माघारी फिरले होते. चुकामूक काही आठवड्यांची. त्या रानात तिला इलाज नव्हता.

मधल्या काळात उत्तरेकडून दुसरी चाल सुरू झाली होती. मार्च १८९६ मध्ये अदुवाला इथिओपियाने इटलीचा धुव्वा उडवला आणि त्याच महिन्यात ब्रिटनने सुदानवर चढाईचा हुकूम सोडला. सरदार हर्बर्ट किचनर यांनी (‘सरदार’ हा इजिप्शियन फौजेच्या सरसेनापतीचा हुद्दाच होता, शब्द आपल्या ओळखीचा, फारसीच) वाळवंटात रेल्वे टाकत टाकत फौज पुढे नेली. सुआकिन बंदर सांभाळायला भारतातून तुकडी गेली आणि तिचा नेहमीचा खर्च भारताच्या तिजोरीवर घातला गेला. खुद्द भारत सरकारने त्याला हरकत घेतली होती. पुढच्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना भारतावरच्या लष्करी खर्चाचे आकडे मांडत होते. फाशोदाच्या हिशेबातली एक ओळ अशी पुण्यापर्यंत येते.

२ सप्टेंबर १८९८ रोजी ओमदुरमानला किचनरच्या मॅक्झिम तोफांपुढे दहा हजारांच्या आसपास महदीपंथी मारले गेले. किचनरच्या बाजूचे मृत पन्नाशीच्या आत होते. पाच दिवसांनी महदींचीच एक आगबोट दक्षिणेकडून परत आली. राजधानी पडल्याचं तिला माहीत नव्हतं. तिच्या अंगात गोळ्या रुतलेल्या होत्या आणि त्या युरोपीय बनावटीच्या होत्या. किचनरला कळायचं ते कळलं.

पेच

१९ सप्टेंबरला किचनर पाच बोटी, दोन सुदानी पलटणी, स्कॉटिश हायलँडर आणि तोफा घेऊन फाशोदाला पोचले. समोर मार्शां, सात-आठ फ्रेंच आणि शंभरावर सेनेगाली. लंडनचा हुकूम स्पष्ट होता: नाईलच्या खोऱ्यावर फ्रान्सचा कोणताही हक्क मान्य करायचा नाही. मार्शांनाही हुकूम होता: जागा सोडायची नाही. त्यांनी सांगितलं, जबरदस्ती झाली तर इथेच मरू.

इथे दुसरा निर्णयबिंदू, आणि तो कसबाने हाताळला गेला. किचनर ब्रिटिश गणवेशात गेले नाहीत. गेले ते इजिप्तच्या फौजेचे सेनापती म्हणून, त्याच फौजेच्या पोशाखात. निशाणही इजिप्तचंच उभारायचं ठरवलं. यात त्यांचे हेर खात्याचे प्रमुख रेजिनाल्ड विंगेट यांचा सल्ला होता. ब्रिटनचं निशाण फ्रेंच निशाणाशेजारी चढलं असतं तर मार्शांना अपमान गिळणं अशक्य होतं. खेदिवाचं निशाण गिळता येण्यासारखं होतं. किचनर फ्रेंच बोलत, १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून राहिलेले. दोघांनी ठरवलं, की फ्रेंच निशाण उतरवायचं नाही, इजिप्तचं निशाण किल्ल्याच्या दक्षिणेला चढेल, बाकी आपापली सरकारं बघतील. मग व्हिस्की-सोडा झाला. तो धुरकट चवीचा प्रकार घशाखाली घालणं हा आपला देशासाठीचा मोठा त्याग, असं मार्शां पुढे सांगत. फ्रेंचांनी उलट शँपेन आणि स्वतः पिकवलेला भाजीपाला दिला.

निरोप घेताना ब्रिटिशांनी फ्रेंच वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. महिनोन्‌महिने बातमी नसलेल्या त्या अधिकाऱ्यांना द्रेफ्यू प्रकरणात (हेरगिरीचा खोटा आरोप ठेवलेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्यात) देश कसा दुभंगला आहे हे त्यातून कळलं. ते अंक वाचून अधिकारी रडले, असं मार्शांनीच लिहून ठेवलं आहे. भेट म्हणून दिलेली ही गोष्ट तोफेपेक्षा खोल लागली. मुद्दाम होती का, वाचकांनी ठरवावं. मला तरी निव्वळ सौजन्य वाटत नाही.

किचनर एक पलटण मागे ठेवून गेले. नदीवरून युद्धसाहित्य नेण्यास मनाई केली. म्हणजे मार्शां किल्ल्यात होते, पण किल्ल्याभोवतालचं पाणी ब्रिटनचं होतं.

पर्याय

जूनपासून पॅरिसमध्ये परराष्ट्र खातं कोणाकडे होतं? देलकासे यांच्याकडे. पाच वर्षांपूर्वी वसाहत खात्यात बसून त्यांनीच जे पेरलं ते आता त्यांच्याच दारात उगवलं.

लढणं हा पर्याय कागदावर होता. पण ब्रिटिश आरमार फ्रेंच आरमाराहून कितीतरी मोठं, आणि वसाहतीवरून होणारं युद्ध समुद्रावरच ठरणार. रशियाशी युती होती, ती जर्मनीला डोळ्यांपुढे ठेवून; ऑक्टोबरात रशियाचे परराष्ट्रमंत्री पॅरिसला येऊन गेले, पण नाईलसाठी तलवार उपसायची त्यांची इच्छा नव्हती. जर्मनी? तिची सोय लंडनने आधीच लावली होती. ३० ऑगस्टला, ओमदुरमानच्या तीन दिवस आधी, ब्रिटन आणि जर्मनीने गुप्त करार केला, की पोर्तुगालला कर्ज लागलं तर अंगोला, मोझांबिक आणि तिमोर तारण धरून ते आपण वाटून घ्यायचे. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या पाठीमागे त्याच्याच मुलखाची वाटणी, आणि तिचा एक उपयोग असा की जर्मनी नाईलच्या भांडणात गप्प बसेल.

दुसरा पर्याय देलकासेंना हवा होता: मार्शांना तिथेच बसवून सौदा करायचा. नाईलपर्यंत एक वाट, नाईलच्या पश्चिमेकडच्या बहर-एल-गझल प्रांतातला एक तुकडा, काहीतरी, जे संसदेत दाखवता येईल. तिसरा पर्याय बिनशर्त माघारीचा.

लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी स्वतः परराष्ट्रमंत्रीही होते. त्यांच्यापुढे फाशोदावर बळ वापरणं, मार्शांना कोंडून वाट पाहणं किंवा आधी सीमारेषा बोलून मग माघार घ्यायला लावणं, अशा वाटा होत्या. त्यांनी मधली घेतली: आधी निघा, मग बोलू. मंत्रिमंडळात जोसेफ चेंबरलेनसारखे याहून कडक होते. राणी व्हिक्टोरियाला मात्र इतक्या क्षुद्र गोष्टीसाठी युद्ध ही कल्पनाच सहन होईना.

काय केलं गेलं

देलकासेंची सगळ्यात मोठी अडचण माहितीची होती. आपला माणूस फाशोदाला आहे हे त्यांना ब्रिटिशांच्या तारेवरून कळलं. त्याच्याशी बोलायचं तर निरोप ब्रिटिशांच्याच तारेने आणि बोटीने जाणार. किचनरनी कळवलं होतं, की मार्शांची अवस्था बिकट आहे, दारूगोळा कमी आहे, आम्ही वेळेवर पोचलो म्हणून ते वाचले. प्रत्यक्षात मार्शांनी ऑगस्टमध्ये महदींचा हल्ला परतवला होता आणि ३ सप्टेंबरला शिलुक राजाशी तहही केला होता. त्या राजाने नंतर किचनरना सांगितलं, की आपण असा तह केलेलाच नाही. मोठ्या बोटी कोणाच्या आहेत हे त्याला दोन्ही राजधान्यांच्या आधी उमगलं असावं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सॉल्झबरींनी पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध केला. ग्रे यांच्या घोषणेच्या वेळचे पंतप्रधान आणि आता विरोधी पक्षात असलेले लॉर्ड रोजबेरी यांनीही जाहीर पाठिंबा दिला. परिणाम असा, की ब्रिटिश सरकारला आता मागे येणं जवळपास अशक्य झालं. हा तिसरा निर्णयबिंदू. स्वतःच्या मागचा पूल जाळून समोरच्याला सांगायचं, की आता तूच मागे हो. चाल परिणामकारक, पण सगळा भार समोरचा शहाणा निघण्यावर.

पॅरिसमध्ये त्याच दिवसांत संप, द्रेफ्यूवरून रस्त्यावरच्या मारामाऱ्या, आणि २५ ऑक्टोबरला मंत्रिमंडळ पडलं. त्याच सुमारास ब्रिटिश आरमाराला युद्धाच्या तयारीचे हुकूम गेले. मार्शां अहवाल देण्यासाठी परवानगी न घेताच किल्ला सोडून कैरोला आले. देलकासे भडकले, ज्याच्या ‘हलणार नाही’ या शब्दावर सौदा टेकला होता तोच हलला.

नव्या मंत्रिमंडळात देलकासे टिकले आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास माघारीचा निर्णय झाला. कारण दाखवलं तुकडीच्या प्रकृतीचं. दुसऱ्या दिवशी सॉल्झबरींनी किचनरच्या सन्मानार्थ भरलेल्या मेजवानीत तो जाहीर केला. ११ डिसेंबरला निशाण उतरलं. परतीला ब्रिटिश बोट मिळत होती; मार्शांनी ती नाकारली आणि अबिसिनियातून चालत जिबूती गाठलं. त्यांना लागलेले पाच महिने तेवढ्या एका नकाराची किंमत.

निष्पत्ती

२१ मार्च १८९९ रोजी काँगो आणि नाईल यांच्या पाणलोटाची धार ही सीमा ठरली. फ्रान्सला नाईलवर काहीच मिळालं नाही, पण धारेच्या पश्चिमेचा चाड सरोवरापर्यंतचा मुलूख मिळाला. तिथे राबिह नावाचा एक सत्ताधीश राज्य करत होता. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी त्याला मारून त्या रेघेची अंमलबजावणी केली.

देलकासेंनी या पराभवातून काढलेला निष्कर्ष युरोपला पुढे फार महाग पडला. इजिप्त गेला हे मान्य करायचं आणि बदल्यात मोरोक्को मागायचा. ८ एप्रिल १९०४ च्या ब्रिटन-फ्रान्स समझोत्यात, एंटेंट कॉर्डियलमध्ये, नेमकं हेच झालं. त्याच वर्षी ब्रिटिशांनी फाशोदाचं नाव बदलून कोडोक केलं, फ्रेंचांना ते नाव डाचू नये म्हणून. पण मोरोक्कोच्या सौद्यात जर्मनीला विचारलं नव्हतं. मार्च १९०५ मध्ये जर्मन सम्राट कैसर मोरोक्कोतल्या टँजिअरला उतरला, जूनमध्ये देलकासेंचं मंत्रिपद गेलं. १९११ मध्ये जर्मन गनबोट मोरोक्कोच्याच अगादीर बंदरात येऊन उभी राहिली. त्या वेळी काँगोतला मुलूख जर्मनीला देऊन भागलं. तेच वर्ष संपायच्या आत इटलीने लिबियावर हल्ला केला, ऑटोमन दुबळे दिसले, आणि १९१२ मध्ये बाल्कन राज्यं त्यांच्यावर तुटून पडली. भांडण आता युरोपच्या अंगणात आलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

फाशोदाचं श्रेय सहसा थंड डोक्यांना दिलं जातं. किचनर आणि मार्शां यांना ते द्यायलाच हवं. लंडन आणि पॅरिसच्या बाबतीत मी हात आखडता घेईन. सौदा जमला कारण वाटायला तिसऱ्याचा मुलूख शिल्लक होता. वसईच्या तहापासून आपल्याला ही रीत अपरिचित नाही, की सही दोघांची आणि किंमत बाहेरच्या तिसऱ्याने मोजायची. १९१४ च्या जुलैत ऑस्ट्रिया, सर्बिया आणि रशिया यांच्यात असा मोकळा मुलूख उरला नव्हता. बोस्निया ऑस्ट्रियाने १९०८ मध्येच गिळलेला होता.

फ्रान्सने १८९५ चा इशारा आल्यावर मोहीम थांबवायला हवी होती, किंवा चालू ठेवायची तर पोचल्यावर काय मागायचं आणि किती मिळालं की निघायचं, हे आधीच ठरवून मार्शांच्या हाती द्यायला हवं होतं. दोन वर्षं चालत गेलेल्या माणसापाशी फक्त ‘सोडू नका’ एवढा हुकूम होता. त्याच्याशी थेट तारेची सोय नसताना त्याला तिथे पाठवणं म्हणजे युद्ध होणार की नाही याचा निर्णय एका कॅप्टनच्या स्वभावावर सोडणं. मार्शां जास्त तापट असते, किंवा किचनरनी ब्रिटनचंच निशाण काढलं असतं, तर देलकासेंना निवड करायला वेळच मिळाला नसता.

ब्रिटनकडून चूक पत्रव्यवहार छापण्याची. सॉल्झबरींनी दोन आठवडे थांबून देलकासेंना बहर-एल-गझलबद्दल नुसतं बोलायची संधी दिली असती, तरी काही बिघडत नव्हतं; नदी ब्रिटनच्याच हातात होती. ती चाल यशस्वी झाली म्हणून चुकीची वाटत नाही, आणि अगादीरच्या वेळी ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज यांनी मॅन्शन हाऊसमध्ये जाहीर भाषण करून तसाच दबाव टाकला तेव्हाही ती यशस्वी ठरली. बर्लिनमध्ये मात्र तो अपमान विसरला गेला नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री तेच एडवर्ड ग्रे होते आणि युद्धमंत्री म्हणून आले ते किचनर. फ्रान्सच्या आघाडीवर वसाहतींच्या फौजांचं डिव्हिजन घेऊन मार्शां उभे होते. १९१५ च्या सप्टेंबरात शँपेन प्रांतातल्या लढाईत ते जखमी झाले. फाशोदाला त्यांच्या हाताखाली असलेला तरुण अधिकारी मांजँ वर्दँच्या लढाईत फ्रेंचांच्या सेनापतींपैकी एक होता, आणि त्याच्या फौजेत पुन्हा सेनेगाली होते.